९७ कोटी नावे, एकेक करून

भारताची मतदारयादी कोणी मोठ्याने वाचायला घेतली, सेकंदाला एक नाव या वेगाने, रात्रंदिवस, घोटभर पाणी प्यायलाही न थांबता, तर ती संपायला ३१ वर्षे लागतील. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी या यादीत ९७ कोटी ९७ लाख नावे होती. वाचन सुरू झाले त्या दिवशी जन्मलेले मूल ते संपण्याच्या तेरा वर्षे आधीच मतदार झालेले असेल, आणि वाचणाऱ्याच्या हातातल्या कागदांवर त्याचे नावच नसेल. तोवर यादीतली कित्येक माणसे गेलेली असतील. कित्येक मुली लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात नांदत असतील. कित्येकांनी पोटासाठी गाव सोडले असेल. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही लोकशाहीत एवढी मोठी यादी नाही, आणि ही यादी छापून होते त्याच दिवसापासून जुनी व्हायला लागते.

२०२४ मध्ये त्यातल्या ६४ कोटी ६४ लाख लोकांनी मत दिले. १९ एप्रिल ते १ जून, सात टप्पे. साडेदहा लाख मतदान केंद्रे, ५५ लाख मतदान यंत्रे, आणि कर्मचारी व सुरक्षा दले मिळून सुमारे दीड कोटी माणसे कामाला. म्हणजे गोव्याच्या लोकसंख्येच्या दहापट माणसे केवळ मतदान करवून घेण्यासाठी. बोटाला लावायच्या शाईच्या सुमारे साडेसव्वीस लाख कुप्या म्हैसूरच्या एका सरकारी रंग कारखान्यातून निघाल्या. १९६२ पासून ही शाई तिथेच बनते. एका कुपीत १० मिलिलिटर, म्हणजे एकूण २६,५०० लिटर. दुष्काळात गावाला पाणी आणणारा टँकर आठवा. तसे पावणेतीन टँकर शाई, आणि ती काडीच्या टोकाने एकेका माणसाच्या डाव्या तर्जनीवर लावायची.

हे आकडे दर पाच वर्षांनी अभिमानाने सांगितले जातात, आणि तो अभिमान रास्त आहे. मला मात्र ते आकडे ज्या एका वाक्यातून निघाले, ते वाक्य जास्त थक्क करते. प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत. घटनेचे कलम ३२६. त्यात शिक्षणाची अट नाही, जमिनीची नाही, कराची नाही, जातीची नाही, स्त्री-पुरुष भेद नाही.

ब्रिटिशांच्या १९३५ च्या कायद्यात या बहुतेक अटी होत्या. मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांपैकी काही असेल तर मत, नाहीतर नाही. त्या चाळणीतून सगळ्या देशात जेमतेम साडेतीन कोटी मतदार उरत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली होती. ज्याला गावच्या पाणवठ्यावर उभे राहू देत नाहीत, त्याच्याकडे सातबारा आणि शाळेचा दाखला मागून मताचा हक्क कसा द्यायचा, हा त्या मागणीमागचा प्रश्न होता. पुढे घटना आली आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादीत १७ कोटी ३२ लाख नावे लागली. एका पावलात पाचपट. तेव्हा देशात शंभरातली अठरा माणसे साक्षर होती. स्वित्झर्लंडमधल्या स्त्रियांना देशाच्या निवडणुकीत मत मिळाले ते १९७१ साली, त्याच्या वीस वर्षे आधी आपल्याकडे निरक्षर शेतमजूर बाई रांगेत उभी होती.

ही पहिली यादी कशी बनली, हे फारसे सांगितले जात नाही. ऑर्नित शनी या इतिहासकार बाईंनी त्यावर एक संपूर्ण पुस्तक लिहिले आहे. घटना लागू व्हायला दोन वर्षे बाकी होती, निवडणूक आयोग जन्माला आला नव्हता, नागरिकत्वाचा कायदा नव्हता. तरी १९४८ च्या मार्चमध्ये घटना समितीच्या सचिवालयाने प्रांतांना आणि संस्थानांना कळवले की प्रत्येक प्रौढाचे नाव लिहायला घ्या. त्याच वेळी फाळणीत घरदार गमावलेली लाखो माणसे छावण्यांत होती. त्यांच्याकडे कसला पुरावा असणार? ना पत्ता, ना दाखला, ना ओळखीचे कोणी. काही प्रांतांत कारकून त्यांची नावे घेईनात. तेव्हा वरून निर्णय आला: मी इथे कायमचा राहणार आहे, एवढे त्या माणसाने लिहून दिले तरी नाव लावा. नवे राष्ट्र होते, तिजोरी रिकामी होती, सीमेवर युद्ध चालले होते. अशा काळात राज्यसत्तेने शंका आली तर नाव लावण्याच्या बाजूने कौल दिला. आजच्या वादात ही गोष्ट आठवणीत ठेवण्यासारखी आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

त्या निवडणुकीचे सामान बघा. टाइप करून याद्या जुळवायला १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या करारावर घेतले. त्या छापायला ३ लाख ८० हजार रीम कागद लागला. वीस लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या, त्यांना ८,२०० टन पोलाद. त्यांतल्या बारा लाखांवर पेट्या आपल्या विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. एवढ्या पेट्या का लागल्या, तर प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आपली कागदाची चिठ्ठी आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायची, त्यावर काही लिहायचे नाही की खूण करायची नाही. अक्षर न येणाऱ्या माणसाला मतासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावे लागू नये, म्हणून देशाने आठ हजार टन पोलाद खर्च केले. एकूण खर्च आला १० कोटी ४५ लाख, म्हणजे मतदारामागे ६० पैसे.

२५ ऑक्टोबर १९५१ ला हिमाचलच्या चिनी तहसिलीत मतदान सुरू झाले, कारण बर्फ पडला की तिथले रस्ते बंद होतात. बाकीचा देश त्यानंतर, फेब्रुवारी १९५२ पर्यंत. त्या पहिल्या दिवशी मत दिलेले शाळामास्तर श्यामसरण नेगी यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये, १०५ व्या वर्षी, घरून टपाली मतपत्रिकेने शेवटचे मत दिले आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. पहिल्या निवडणुकीपासूनची भारताची सगळी लोकशाही एका माणसाच्या मतदार म्हणून जगलेल्या आयुष्यात मावली.

पण त्या पहिल्या यादीतला एक आकडा सोळा आणे अभिमानाचा नाही. यादीत सुमारे आठ कोटी स्त्रियांची नोंद करायची होती. त्यांतल्या २८ लाख बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. परक्या पुरुषाला नाव सांगायचे नाही ही रीत. सर्वाधिक नोंदी उत्तर आणि मध्य भारतातल्या होत्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की मतदार हा स्वतंत्र माणूस आहे, तो कोणाचा तरी कोणी म्हणून यादीत राहू शकत नाही. ती २८ लाख नावे गळाली. निर्णयामागचे तत्त्व मला पटते. तरी त्या बायकांचे मत गेले ते गेलेच, आणि दोष त्यांचा नव्हता. तत्त्व बरोबर असतानाही माणसे वगळली जातात, हे भारतीय मतदारयादीने पहिल्याच खेपेला दाखवले.

१९६२ साली स्त्री-पुरुषांची वेगवेगळी टक्केवारी बघितली तर पुरुष ६३ टक्के आणि स्त्रिया ४७ टक्क्यांच्या आत. सोळा-सतरा टक्क्यांची दरी. ती बुजायला जवळपास साठ वर्षे लागली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत प्रथमच स्त्रियांची टक्केवारी पुरुषांच्या किंचित पुढे गेली, आणि २०२४ मध्येही तसेच झाले: ६५.७८ विरुद्ध ६५.५५. ४७ कोटी ६३ लाख स्त्रिया आज स्वतःच्या नावाने यादीत आहेत. माझ्या मते गेल्या पंचाहत्तर वर्षांतली ही भारतातली सर्वांत मोठी शांत क्रांती आहे. बचतगटातल्या, अंगणवाडीतल्या, १९९३ नंतर पंचायतीच्या राखीव जागांवर निवडून आलेल्या बायकांनी ती घडवली. सगळ्यांना मत मागणारे बाबासाहेब स्वतः मात्र त्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून हरले. तो दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला दिली तर चालत नसे. तिथे ७४ हजारांहून अधिक मते वाया गेली, आणि त्याविरुद्ध त्यांनी निवडणूक याचिका केली. पद्धत किचकट असली की मत असूनही नसल्यासारखे होते. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ साली कायद्याने रद्द झाले.

आता अंतराचा हिशेब. कोणत्याही मतदाराला मतदानासाठी दोन किलोमीटरपेक्षा जास्त जावे लागू नये, असा आयोगाचा दंडक आहे. हा दंडक शेवटच्या माणसापर्यंत न्यायचा म्हटले की काय होते, ते अरुणाचलच्या अंजॉ जिल्ह्यातल्या मालोगाम वस्तीत दिसते. तिथे एकच मतदार आहे, एक बाई. तिच्यासाठी कर्मचारी यंत्र घेऊन डोंगरातून ३९ किलोमीटरची वाट तुडवतात, आणि मतदान संपेपर्यंत केंद्र उघडे ठेवतात. हिमाचलच्या ताशिगांगला १५,२५६ फुटांवर मतदान केंद्र असते. ग्रेट निकोबारच्या जंगलातल्या शोम्पेन जमातीच्या सात जणांनी २०२४ मध्ये आयुष्यात पहिल्यांदा मत दिले.

महाराष्ट्रात विधानसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ अक्कलकुवा आणि २८८ वा जत. अक्कलकुव्यात नर्मदेच्या काठावर, सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्याने वेढलेल्या मणिबेलीकडे मतदानाचे साहित्य बोटीने जाते. धरणाच्या पाण्यात ज्यांची जमीन गेली, त्यांच्यापर्यंत निदान यंत्र तरी पोचते. दुसऱ्या टोकाला गडचिरोली. तिथे कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागते, सुरक्षेसाठी मतदान दुपारी तीनला बंद होते. तरी २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये जवळपास ७२ टक्के मतदान झाले, राज्यात सर्वाधिक. दक्षिण मुंबईत, जिथे केंद्र चालत पाच-दहा मिनिटांवर असते, ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिले.

मुंबईकर आळशी, सुट्टी मिळाली की लोणावळ्याला जातात, असे म्हणून हा विषय सोडून देणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. शहरातल्या यादीत भाड्याची घरे बदललेल्यांची, पुनर्विकासात विखुरलेल्यांची, दोन ठिकाणी नाव असलेल्यांची गर्दी असते. नाव चेंबूरला आणि माणूस विरारला, अशा स्थितीत टक्केवारी खाली जाणारच. शिवाय रांगेचा हिशेब करून बघा. एका केंद्रावर १,५०० पर्यंत मतदार जोडलेले असत. सकाळी सात ते संध्याकाळी सहा म्हणजे ३९,६०० सेकंद. सगळे मतदार आले तर प्रत्येकाच्या वाट्याला २६ सेकंद, आणि त्यातले सात तर आपल्या मताची चिठ्ठी काचेतून दिसण्यात जातात. आजोबांना बटण सापडायला वेळ लागला, कोणाचे नाव यादीत लवकर दिसले नाही, की मागची रांग उन्हात ताटकळते. मे महिन्यात, तान्हे मूल घेऊन, दोन-दोन तास. रोजंदारीवरच्या बाईला ते दोन तास परवडत नाहीत. आयोगाने २०२५ मध्ये ही मर्यादा १,२०० वर आणली, आणि एकट्या बिहारमध्ये त्यामुळे १२,८१७ केंद्रे वाढली. एका मतदाराच्या वाट्याला २६ चे ३३ सेकंद झाले. सात सेकंदांसाठी बारा हजार खोल्या, बारा हजार पथके. हा खर्च योग्य आहे, आणि प्रत्येक राज्यात तो झाला पाहिजे.

कर्मचाऱ्यांनी मोजलेली किंमतही इथेच लिहायला हवी. १ जून २०२४ ला, शेवटच्या टप्प्यात, एकट्या उत्तर प्रदेशात उष्माघाताने ३३ निवडणूक कर्मचारी दगावले. त्यांत होमगार्ड होते, सफाई कामगार होते. ऐन उन्हाळ्यात सहा आठवडे निवडणूक चालवणे हे काही घटनेत लिहिलेले नाही. वेळापत्रक माणसेच ठरवतात.

आता ६४ कोटींच्या शेजारचा आकडा. ९७ कोटी ९७ लाखांतून ६४ कोटी ६४ लाख वजा करा. ३३ कोटी ३३ लाख उरतात. जवळपास अमेरिकेच्या लोकसंख्येएवढी माणसे यादीत असून मतदानाला आली नाहीत. त्यांत खरोखर उदासीन असलेले आहेत, मृत आणि दुबार नावेही आहेत. पण फार मोठा भाग अशांचा आहे, ज्यांचे मत एका गावाला बांधलेले आहे आणि पोट दुसऱ्या गावाला.

२०११ च्या जनगणनेत आपले मूळ ठिकाण सोडून राहणाऱ्या भारतीयांची संख्या ४५ कोटींवर होती. लग्नाने गेलेल्या स्त्रियांचा गट त्यांत सर्वांत मोठा आहे, त्या नव्या घरी नाव लावू शकतात. हंगामी मजुराला तेही जमत नाही. बीडचा ऊसतोड मजूर घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, टोळी ट्रकमध्ये बसते आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कर्नाटक असे जे फड वाट्याला येतील तिथे सहा महिने कोपीत राहते. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. ज्या बाईने पाच वर्षे पाणी, रेशन, मुलांची शाळा यांसाठी खेटे घातले, तिचे मत तीन-चारशे किलोमीटरवर आणि ती फडात. मग तिला गावी न्यायला गाडी येते ती कोणाची, हा प्रश्न उरतो. गाडी उमेदवाराची असेल तर मतही बांधलेले. गाडी नसेल तर मतच नाही. फडातल्या माणसाचे नाव फडाजवळच्या यादीत घालता येत नाही, कारण हंगाम संपला की तो तिथे नसतो. लाखो कोयत्यांची ही गोष्ट आहे, आणि वीटभट्ट्या, बांधकामे, मासेमारीच्या बोटी यांवरही तीच आहे.

यावर उपाय सुचलेलाच नाही असे नाही. आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान होऊ शकेल, म्हणजे बीडच्या माणसाला कोल्हापुरात बसून बीडच्या उमेदवाराला मत देता येईल. राजकीय पक्षांनी हरकती घेतल्या: स्थलांतरित कोणाला म्हणायचे, परक्या ठिकाणी आमचे प्रतिनिधी कसे बसणार, यंत्रावर भरवसा कसा ठेवायचा. हे प्रश्न खरे आहेत. पण ते सुटू न शकणारे नाहीत. सीमेवरच्या जवानाला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाते आणि टपालाने परत येते. विस्थापित काश्मिरी पंडितांसाठी जम्मू आणि दिल्लीत खास केंद्रे उघडतात. ८५ वर्षांवरच्यांच्या आणि अपंगांच्या घरी पथक जाऊन मत घेते. निवडणूक कर्मचारी स्वतःचे मत कामाच्या जागी देतात. ज्यांच्यासाठी व्यवस्था करायची इच्छा होती, त्यांच्यासाठी ती झाली. एका बाईसाठी ३९ किलोमीटर चालणारा देश साखर कारखान्याच्या आवारात एक मतदान केंद्र नक्कीच उघडू शकतो. मजुरांची नोंद कारखान्याकडे असते, टोळीची यादी मुकादमाकडे असते.

परदेशातल्यांचे तसेच. दुबईत किंवा न्यूजर्सीत राहणारा मराठी माणूस, भारतीय पासपोर्ट असेल तर, २०१० च्या दुरुस्तीमुळे गावच्या यादीत नाव लावू शकतो. मत द्यायला मात्र विमानाने यावे लागते. २०२४ मध्ये अशा १ लाख १९ हजार मतदारांपैकी २,९५८ जणांनी मत दिले. तृतीयपंथी म्हणून नोंदलेले मतदार ४८ हजार, त्यांतल्या २७ टक्क्यांनीच मत दिले. रांग स्त्रियांची आणि पुरुषांची, तिसऱ्याने कुठे उभे राहायचे याचे उत्तर अजून बहुतेक केंद्रांवर मिळत नाही.

आणि तुरुंग. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२ व्या कलमानुसार तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे कलम कायम ठेवले. त्याच तुरुंगातून निवडणूक मात्र लढवता येते. २०२४ मध्ये दोन उमेदवार तुरुंगातून लढून लोकसभेवर निवडून आले. त्याच आरोपाखाली ज्याला जामीन परवडला, तो बाहेर येऊन मत देतो. ज्याला जामिनाचे पंधरा-वीस हजार जमले नाहीत, तो आत राहतो आणि मतही गमावतो. १९३५ च्या कायद्यातली मालमत्तेची अट घटनेने काढली होती. ती इथे मागच्या दाराने परत आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि संसदेने हे कलम बदलले पाहिजे.

सगळ्यांत मोठा प्रश्न मात्र यादीचाच. यादी साफ ठेवावीच लागते. मृत नावे राहिली तर त्यांच्या नावावर दुसरा मत देतो, आणि खऱ्या मतदाराचे मत त्यामुळे हलके होते. वाद आहे तो साफसफाई कशी करायची याचा. बिहारमध्ये २०२५ च्या जूनमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले तेव्हा यादीत ७ कोटी ८९ लाख नावे होती. ऑगस्टच्या प्रारूप यादीत ७ कोटी २४ लाख. ६५ लाख नावे गेली: सुमारे २२ लाख मृत, ३६ लाख स्थलांतरित किंवा न सापडलेले, ७ लाख दुबार, असे आयोगाने सांगितले. नावे कोणाची आणि का गेली, हे जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला द्यावा लागला. त्यानंतर पुढचा टप्पा बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत आला. त्यांत गोवाही आहे, आणि सगळे मिळून सुमारे ५१ कोटी मतदार.

समजा, अशा कामात शंभरातली नव्याण्णव नावे अचूक कारणाने काढली गेली आणि फक्त एक चुकले. सरकारी कामात एवढी अचूकता फार चांगली मानली जाईल. ६५ लाखांचा एक टक्का म्हणजे ६५ हजार जिवंत, पात्र माणसे. बिहारच्या २४३ मतदारसंघांत वाटली तर प्रत्येकी २६७. आता हे आकडे शेजारी ठेवा: २०२४ मध्ये मालेगाव मध्यची विधानसभेची जागा १६२ मतांनी ठरली. मुंबई वायव्य लोकसभेची जागा, जिथे नऊ लाखांवर मते पडली, ४८ मतांनी. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा एका मताने. सगळ्या देशाच्या यादीत एक टक्का चूक झाली तर ती ९८ लाख माणसांची, स्वित्झर्लंडच्या लोकसंख्येहून अधिक.

म्हणून १९४८ ची ती छावणी मला पुन्हा आठवते. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये, दिल्ली आणि मुंबईतल्या वस्त्यांमधून आलेल्या लाल बाबू हुसेन खटल्यात, हीच दिशा धरली. एकदा यादीत नाव लागलेल्या माणसाला नागरिकत्वाचा पुरावा पुन्हा पहिल्यापासून द्यायला लावता येत नाही, नोटीस आणि सुनावणीशिवाय नाव काढता येत नाही. आजही बेघर माणसाचे नाव लावायला पत्त्याचा कागद लागत नाही. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, रात्री जाऊन तो खरोखर त्या फुटपाथवर झोपतो का, एवढे पाहतो. शंका आली तर राज्यसत्तेने चालत जायचे, नागरिकाने नाही. हा नियम पंचाहत्तर वर्षे जुना आहे आणि ५१ कोटींच्या फेरतपासणीतही तो तसाच लागू झाला पाहिजे. ज्याच्याकडे कागद सर्वांत कमी, त्याचे नाव सर्वांत आधी गळते. पुरात घर गेलेल्याचे, मोलकरणीचे, फडातल्या कोयत्याचे.

वाचकहो, हे वाचून झाले की आपले नाव यादीत तपासा. गेल्या वेळी मत दिले होते, यावर विसंबू नका. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तपासा, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुनेचे तपासा, आणि जिला किंवा ज्याला फोनवर हे जमत नाही अशा कामवाल्या मावशींचे, वॉचमनचे, बांधकामावरच्या मजुराचे तपासा. घरातला मुलगा किंवा मुलगी अठराची होत असेल तर आता वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. नाव लावायला नमुना ६, पत्ता किंवा चूक दुरुस्त करायला नमुना ८. कोणी तुमच्या नावावर नमुना ७ ने हरकत घेतली असेल, तर तुम्हाला नोटीस मिळालीच पाहिजे आणि तुमचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. तो तुमचा हक्क आहे, तो सोडू नका. प्रारूप यादी लागते तेव्हा दावे-हरकतींची मुदत थोड्या आठवड्यांची असते, मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून नाव लागत नाही. आपल्या भागाचा बीएलओ कोण हे माहीत नसेल तर १९५० या क्रमांकावर फोन लावा.